मंगळवारातला ळ

द्वारकाबाई द्वारकेत राहतात. गॅसवाला, टपालवाला, बँकेतली मुलगी, प्रत्येकजण एकदा तरी विचारतो, "माताजी, पहले आपका नाम पड़ा कि सेक्टर का?" बाई सांगतात, "मेरा. सेक्टर बाद में बसा." यात खोटं काही नाही. एकाहत्तर वर्षांपूर्वी फलटणजवळच्या एका गावात त्यांचं नाव ठेवलं, तेव्हा दिल्लीच्या या टोकाला नुसती शेतं होती.

नवरा खंडेराव फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाला. नोकरीच्या शेवटी छावणी दिल्लीची होती, तिथंच सवय झाली, आणि दोघं माजी सैनिकांच्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर राहायला आली. खंडेराव सातवी शिकलेला. बाई शाळेत गेल्याच नव्हत्या. तीन वर्षांपूर्वी, अडुसष्टाव्या वर्षी, त्या घरकामाच्या बाईला सोबत म्हणून सेक्टरच्या समाजमंदिरात गेल्या आणि तिच्याऐवजी स्वतःच बसून राहिल्या. दारावर फलक होता, 'प्रौढ शिक्षा केंद्र'. खंडेरावाने तो बघितला आणि जिन्यापर्यंत हसत आला. "या वयात शिक्षा? गुन्हा काय केलास?"

"तुमच्याशी लग्न," बाई म्हणाल्या.

शिकवायला नीरजा मॅडम होत्या, बरेलीच्या. त्यांनी हिंदीतून शिकवलं, कारण वर्गात बिहारच्या, बंगालच्या, सगळीकडच्या बाया होत्या. बाई दीड वर्षात वाचायला लागल्या, मग लिहायला. लिहायचं असं फारसं नव्हतंच. बँकेत सही आणि भाजीची यादी. यादीत त्या लिहीत 'दाल', 'केले', 'मूली'. खंडेराव यादी हातात घेऊन विचारी, "केले? काय केले?" बाई म्हणत, "ठेलेवाल्याला कळतं ना, मग तुम्ही गप्प बसा."

आपल्याला लिहिता येतं हे त्यांनी माहेरी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यापेक्षा एकदा लिहूनच दाखवावं, असा बेत होता. तो पुढं पुढं जात राहिला, कारण भावाशी फोनवर रोज बोलणं व्हायचं.

भाऊ पाच वर्षांनी धाकटा. नाव भालचंद्र, पण त्याला गाव बाळू म्हणतं. एसटीत कंडक्टर होता. आवाज असा, की स्टँडवर "लोणंद, लोणंद" ओरडला तर लोणंदात ऐकू जाईल, असं लोक म्हणत. तोच आवाज गेल्या उन्हाळ्यात गेला. गळ्यात गाठ निघाली, पुण्यात ऑपरेशन झालं, जीव वाचला, स्वरयंत्र काढावं लागलं.

मग रोजचे फोन बाळूची बायको प्रभा करायला लागली. "वन्सं, ह्यांना बरं आहे. जेवतात. पण कुणाशी काही नाही. पाटी आणून दिली लिहायला, तर भिंतीकडं तोंड करून बसतात. एकदाच लिहिलं, 'तुम्ही सगळे बोला आणि मी एकटा लिहीत बसू काय?' त्यावर पाटी पलंगाखाली सरकवली ती सरकवली."

"भाऊबीजेला येऊ आम्ही?"

"नको म्हणतात. बोटानं नको म्हणाले."

द्वारकाबाईंनी फोन ठेवला. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "मी बाळूला कार्ड पाठवणार. हातानं केलेलं."

"विकत मिळतात," खंडेराव म्हणाला.

"विकतच्यात लिहिलेलं असतं. मला लिहायचंय. त्याला एकट्याला लिहावं लागतंय ना? मग दुसऱ्या कुणीतरी लिहावं. आणि ते मीच लिहिलंय हे त्याला कळायला पाहिजे. तुम्ही लिहिलंत, शेजारणीनं लिहिलं असं वाटलं तर उपयोग नाही."

"आम्ही सरहद्दीवर सिगारेटच्या पाकिटावर पत्रं लिहिली. तुला कार्ड पाहिजे!"

"लिहिलीत. आणि मला वाचून कोण दाखवायचं? शेजारची हवालदारीण. तुम्हाला कुठं कुठं खाज सुटली ते सगळ्या लाइनीला माहीत होतं."

खंडेराव पेपर घेऊन गॅलरीत गेला.

चौथ्या मजल्यावर अलकनंदाताई राहत. मूळच्या पुण्याच्या, केंद्र सरकारच्या कचेरीतून सेक्शन ऑफिसर म्हणून निवृत्त झालेल्या. हातानं शुभेच्छापत्रं करायचा त्यांना नाद. त्यांचं एक अख्खं कपाट त्याच सामानाचं होतं, पण ताईंना ते पुरत नसे. त्यांनी ऐकलं आणि म्हणाल्या, "बिल्कुल करू! खरेदी कशाला? माझ्याकडे सगळं आहे."

"उसन्या सुईनं शिवलेलं आपलं होत नाही, ताई. सुई माझी पाहिजे. कुठली घ्यायची तेवढं तुम्ही सांगा."

"अच्छा. मग चला चावडी बाजारला."

दिवाळीला पंधरा-सोळा दिवस होते. दोघी मेट्रोनं राजीव चौकापर्यंत आणि तिथं बदलून चावडी बाजारला उतरल्या. वर आल्या तर हातगाड्या, रिक्षा, लग्नपत्रिकांचे गठ्ठे आणि त्यामधून वाट काढणारी माणसं. अलकनंदाताई पुढं, बाई त्यांच्या पदराला डोळे लावून मागं. कागदाच्या एका दुकानात शिरल्या. दुकान गल्लीच्या मानानं अरुंद आणि आत लांब होतं. गादीवर चष्मा कपाळावर चढवलेला दुकानदार.

ताईंनी कागद मागितले. दुकानदारानं चकचकीत काढले, सोनेरी काढले, मखमलीसारखे काढले, मग हातकागद काढला, ज्यात खऱ्या फुलांच्या पाकळ्या दाबलेल्या होत्या. ताईंचे हात त्या पाकळ्यांवर फिरायला लागले. "हा घ्या, द्वारकाबाई. बघा तरी!"

"यावर लिहिलेलं दिसायचं नाही."

"लिहायला आत साधा कागद चिकटवतात."

"म्हणजे वर फुलं त्यांची, आणि माझं आत झाकलेलं." बाईंनी साधा, जाड, सालीच्या रंगाचा कागद उचलला. दुकानदार म्हणाला, तो ढाईशेचा आहे. पैशांनी नव्हे, जाडीनं अडीचशे, ताईंनी समजावलं. बाईंनी कागद एकदा उभा वाकवला, एकदा आडवा. उभा सहज वाकला, आडवा अडून बसला.

"याला उभा-आडवा धागा आहे," त्या म्हणाल्या. "लुगड्यासारखा."

ताई थांबल्या. "हे तुम्हाला कुणी सांगितलं? मला कळायला दोन वर्षं लागली. आडवा मोडला की घडीवर फुटतो."

"हाताला लागतंय की."

घडीचा विषय निघाला तसा बाईंना आठवलं, की ताईंकडे घडी नीट बसवायला एक चपटी पट्टी असते. त्या दुकानदाराकडे वळल्या. "भैया, घडी के लिए कुछ दो."

"घड़ी? माताजी, यह काग़ज़ की दुकान है. घड़ी आगे मिलेगी."

"कागज की ही घडी चाहिए."

"काग़ज़ की घड़ी?" दुकानदारानं थोडा विचार केला, मागं हाक मारली, आणि पुठ्ठ्याचं घड्याळ आलं. बारा आकडे, फिरणारे दोन काटे, लहान मुलांना वेळ शिकवायचं. बाईंनी ते हातात घेऊन उलटंपालटं केलं आणि साडेतीन वाजवले.

अलकनंदाताईंना हसू आवरेना. "अहो, मोड म्हणा, मोड! हिंदीत घडी म्हणजे घड्याळ."

"तीस वर्षं झाली मला इथं. माहीत आहे. पण हात कागदावर असला की तोंड मराठीच बोलतं."

दुकानदारानं चपटी पट्टी काढली. ताईंनी अभिमानानं सांगितलं, की चांगली पट्टी हाडाची असते. बाईंनी ती लगेच खाली ठेवली. "भाऊबीजेच्या कार्डावर हाड फिरवू? घरी चमचा आहे. पाठ गुळगुळीत असली म्हणजे झालं." कटर मात्र घेतला, लोखंडी पट्टी घेतली, कारण लाकडी पट्टीवरून पातं घसरतं आणि बोट कापतं, हे त्यांनी ताईंच्या अंगठ्यावर बघितलं होतं. गोंद पातळ नको म्हणाल्या. पाणी जास्त असलं की कागद फुगतो. "आम्ही खळ करायचो कणकेची, तीसुद्धा घट्ट." ताईंनी चिकटपट्टी सुचवली, ती दोन्ही बाजूंनी चिकटते. ती घेतली.

मग भोकं पाडायचे चिमटे निघाले. ताईंनी फुलाच्या आकाराचा दाखवला, फुलपाखराचा दाखवला, हृदयाचा दाखवला. बाईंनी कोपऱ्यातला साधा, एका गोल भोकाचा लोखंडी चिमटा घेतला आणि कानाजवळ धरून दाबला. कट. पुन्हा दाबला. कट, कट.

"माताजी, यह बजाने की चीज़ नहीं है," दुकानदार म्हणाला.

"पता है." बाई ताईंना म्हणाल्या, "बाळू असाच वाजवायचा. तिकीट पंच. गाडीच्या दांडीवर दोनदा वाजवला की खिडकीत डुलणारे जागे व्हायचे. हाच द्या."

शेवटी ताईंनी लाकडी पेटी उघडायला लावली. आत रबरी शिक्के, एकेका अक्षराचा एकेक, आणि काना-मात्रा-वेलांट्या वेगळ्या. शिवाय काळ्या शाईचं पॅड. "पूरी वर्णमाला है," दुकानदार म्हणाला, "अ से ज्ञ."

इथं बाई अडल्या. स्वतःचं अक्षर त्यांना माहीत होतं. ओळ सुरू व्हायची खाली आणि संपायची वर, बैल चढणीला लागल्यासारखी. शिक्के एका रांगेत येतील, नेटके. पण शिक्के म्हणजे छापलेलंच नाही का?

"दाबणार कोण? तुम्हीच," ताई म्हणाल्या. "एकेक अक्षर शोधून, शाई लावून. लिहिण्यापेक्षा जास्तच मेहनत आहे, यार."

बाईंनी पेटी घेतली. अक्षरं मोजली नाहीत. अलकनंदाताईंनीही मोजली नाहीत. त्या पुण्याच्या होत्या आणि ज्ञपर्यंत म्हटल्यावर त्यात सगळं आलं असं त्यांनी धरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जेवणाच्या टेबलावर जुनी चादर अंथरून बाई बसल्या. लोखंडी पट्टी धरून कागद कापला, उभ्या धाग्याला दुमडला, चमच्याच्या पाठीनं घडी बसवली. घडी सुरीसारखी बसली. वरच्या कोपऱ्यात चिमट्यानं भोक पाडलं आणि लाल रेशमी दोरा ओवून गाठ मारली. पेन्सिलीनं अंधुक रेघ आखली. मग शिक्के. बाहेर 'भाऊबीज' उमटलं, ठीक उमटलं, फक्त ज जरा बुटका. आत 'चि.' उमटलं. 'बा' उमटलं.

पुढचं अक्षर पेटीत नव्हतं.

बाईंनी रांगा एकदा बघितल्या, बोट ठेवून दुसऱ्यांदा बघितल्या. ह होता. त्याच्यापुढं क्ष, त्र, ज्ञ. त्यांनी शिक्के बाहेर काढून पेटी उलटी करून झटकली. मग वर्गातली जुनी वही काढली. त्यातही नव्हतं. नीरजा मॅडमनी ते शिकवलंच नव्हतं, कारण त्यांच्या भाषेत ते नाही. मराठी कॅलेंडर वाचताना बाई ते अंदाजानं ओलांडून जात. लिहायची वेळ आजवर आली नव्हती.

रद्दी कागदावर त्यांनी लचा शिक्का घेऊन नाव मारून बघितलं. खंडेराव पाणी प्यायला आला होता. वाकून वाचलं. "चि. बालू. अरे वा! हिंदीत बालू म्हणजे वाळू. राजस्थानात असताना तोंडात गेली तेवढी पुरे नाही? आता वाळूला आशीर्वाद?"

"ठेलेवाल्याला कळलं असतं."

"बाळू ठेलेवाला नाही. आण, मी काढून देतो ळ. दोन मिनिटांचं काम."

"हात लावू नका."

"अगं, एक अक्षर!"

"तेच एक त्याच्या नावातलं आहे."

खंडेराव पेला विसळून गेला. बाई भिंतीवरच्या कॅलेंडरासमोर उभ्या राहिल्या. सोमवार, मंगळवार. तिथं ते होतं, दर आठवड्याला एकदा, आणि वर्षभर त्यांनी त्याच्या खाली दुधाचे खाडे लिहिले होते. त्यांनी कॅलेंडर काढून टेबलावर ठेवलं, ड्रॉवरमधून कोरं खोडरबर आणलं, चष्मा पुसला आणि कटरच्या टोकानं कोरायला बसल्या. मध्ये दांडी, मग एक वेढा, मग दुसरा वेढा. आजूबाजूचं रबर खरवडून अक्षर उंच ठेवायचं. जेवायची वेळ टळून गेली. खंडेरावानं आपल्या हातानं वाढून घेतलं आणि मुद्दाम भांडी वाजवली. कोरलेलं अक्षर कॅलेंडरातल्या अक्षराशेजारी धरलं, तर तंतोतंत होतं. बाईंनी शाई लावली आणि 'बा'च्या पुढं दाबलं.

शिक्का आधी रद्दी कागदावर मारून बघावा, हे ताईंनी सांगितलेलं त्या नेमक्या इथं विसरल्या.

ळ उमटला, पण पाठमोरा. डावीकडचा वेढा उजवीकडं गेला होता.

संध्याकाळी अलकनंदाताई बघायला आल्या आणि त्यांनी कपाळाला हात लावला. "उलटं कोरायचं असतं, म्हणजे सरळ उमटतं. माझंच चुकलं, सांगायचं राहिलं. चलो, काही बिघडत नाही. कागद उरलाय, भाऊबीजेला वेळ आहे. रात्रीत मी कोरून ठेवते, सकाळी दुसरं करा."

"तुम्ही कोरलात तर सरळ येईल."

"तेच तर म्हणते."

द्वारकाबाईंनी कार्ड लांब धरून बघितलं. घडी चांगली होती. दोरा चांगला होता. अक्षरं रांगेत होती. त्यात तेवढं एकच वाकडं होतं.

"हे झाकलं तर हे कार्ड कुणीही केलेलं असू शकतं," त्या म्हणाल्या. "तुम्ही केलंत म्हणालात तरी खरं वाटेल."

"पण त्याचं नावच चुकलंय."

"चुकलंय. राहू दे."

उरलेलं त्यांनी शिक्क्यांनी केलं नाही. पेटी बंद केली आणि पेन्सिल घेतली. पाठमोऱ्या ळला ऊकार हातानं काढला. खाली लिहिलं, 'हे मी केले. आक्का.' ओळ चढणीला लागली आणि आक्का पार दोऱ्याजवळ पोचली.

खंडेरावानं वाचलं. "केले? किती डझन?"

बाईंनी पाकीट बंद केलं. टपालात स्वतः टाकून आल्या.

दिवाळी झाली. भाऊबीज झाली. बाईंनी चंद्राला ओवाळलं, भाऊ जवळ नसला की ओवाळतात तसं. फोन आला तो प्रभाचा. "वन्सं, कार्ड पोचलं. ह्यांनी उघडून बघितलं आणि आतल्या खोलीत घेऊन गेले. वाचता आलं का विचारलं, तर दार लावलं."

"बरं," बाई म्हणाल्या.

त्यानंतर आठवडा गेला. अलकनंदाताईंनी एकदा विचारलं, मग विचारायचं सोडलं. खोडरबर ड्रॉवरमध्ये परत गेलं. बाईंनी यादीत केले लिहिले, दाल लिहिली.

नवव्या दिवशी टपालवाला एक जाड पाकीट देऊन गेला. पत्त्यावरचं अक्षर खंडेरावानं ओळखलं आणि पाकीट बाईंच्या हातात दिलं. आत त्यांचंच कार्ड होतं. परत आलेलं.

बाईंनी ते उघडलं. पाठमोऱ्या ळभोवती लाल शाईचं वर्तुळ होतं. 'हे मी केले' याच्याखाली बरोबरची खूण होती. आणि कोपऱ्यात, दोऱ्याच्या भोकाशेजारी, दुसरं भोक होतं, लहान आणि चौकोनी. तसं भोक चावडी बाजारातल्या कुठल्या चिमट्याचं नव्हतं. ते जुन्या तिकीट पंचाचं होतं.

कार्डात वहीचा एक कागद घडी करून ठेवलेला होता. वर एक मोठा ळ काढलेला, बाणांसह: कुठून सुरू करायचं, कुठं वळायचं. खाली चार ओळी:

'आक्का, उलटा आहे. म्हणजे तूच काढलास. मधून खाली ये, आधी डावीकडं वेढा, मग उजवीकडं. दहा ओळी काढून पाठव. चुकलं तर परत करीन. बरोबर आलं की मग माझं सगळं लिहितो. बाळू.'

बाईंनी ते दोनदा वाचलं. मग खंडेरावाला वाचायला दिलं. त्यानं चष्मा लावून वाचलं, मागं उलटून बघितलं, तिथं काही नव्हतं.

"दहा ओळी," तो म्हणाला. "झाली ना शिक्षा?"

"कुठली? हिंदीतली का मराठीतली?"

तो चहाचं आधण ठेवायला आत गेला. द्वारकाबाईंनी टेबलावरचा डबा बाजूला सारला, वही उघडली आणि पेन्सिलीला टोक काढलं. पहिला ळ डावीकडं जास्तच फुगला. दुसरा आडवा झाला. पहिल्या ओळीत सहा बसले. सातव्याला जागा पुरेना, तो त्यांनी दुसऱ्या ओळीला घेतला.